नवरात्रात दरवर्षी शिंका? तरवडावर कोयता घालण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेली असते. घट बसले की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून नाक गळायला लागतं, डोळे चुरचुरतात, सकाळी उठल्या उठल्या दहा-पंधरा शिंका सलग येतात. दसरा झाला की आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप कमी होतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नेमका याच दिवसांत बांधावर, माळावर, रस्त्याच्या कडेला तरवड पिवळाधमक फुललेला असतो आणि घटावर त्याचीच माळ असते. आळ त्याच्यावर येतो, कुंपणालगतचं झुडूप तोडलं जातं आणि पुढच्या वर्षी शिंका येतातच. काही ठिकाणी जास्त येतात. का, ते पुढे येईल.

आधी झुडूप ओळखा

निम्मा गोंधळ इथेच होतो. तरवड म्हणजे सेना ऑरिक्युलाटा, संस्कृतात आवर्तकी. दख्खनच्या कोरड्या माळाचं अस्सल देशी झुडूप, माणूसभर उंचीचं. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव, साताऱ्याचा माण-खटाव, सांगलीचा जत-आटपाडी हा त्याचा मुलूख. खूण पक्की आहे: पानाच्या देठाच्या बुडाशी, फांदीला चिकटून, कानाच्या पाळीसारखं गोलसर हिरवं पानोळं असतं. ‘ऑरिक्युलाटा’ म्हणजेच कानवाला. पानात पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या उपपानांच्या, ८ ते १२ जोड्या, शेवटी एकटी पर्णिका नाही. फूल चार-पाच सेंटिमीटरचं, पाकळ्यांची कड चुण्या पडल्यासारखी. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, आतल्या बियांचे उंचवटे बाहेरून दिसतात.

त्याच्याशी घोळ होतो तो यांचा:

टाकळा किंवा तरोटा. पावसाळी रोप, पर्णिकांच्या बहुधा तीनच जोड्या, शेंग लांब, बारीक, कोयत्यासारखी वाकलेली. याची भाजी खातात.

कासविंदा. चार-पाच जोड्या, पर्णिका टोकदार, चुरगळल्यावर उग्र वास. याची बी विषारी आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात दर हिवाळ्यात लहान मुलांना होणाऱ्या जीवघेण्या आजाराचं मूळ या बिया खाण्यात असल्याचं २००७ च्या सुमारास पुढे आलं. ‘तरवडाच्या बियांची कॉफी’ करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

कासोद. झुडूप नव्हे, रस्त्याकडेला लावलेलं मोठं झाड, फुलांचे झुपके फांदीच्या टोकाला. परागांच्या ॲलर्जी-चाचणीत ‘कॅसिया’ असं छापलेलं दिसतं ते बहुतेक वेळा याचं असतं. अहवालात तो शब्द दिसला म्हणून बांधावरच्या तरवडाला शिक्षा करू नका.

टेकोमा, म्हणजे घंटीसारखी पिवळी फुलं येणारं, सोसायट्यांच्या आवारात आणि दुभाजकावर लावलेलं झुडूप. पानांच्या कडा करवती. ते देशीही नाही आणि तरवडाच्या कुळातलंही नाही, पण शहरात ‘तरवड फुललाय’ म्हणून दाखवतात ते पुष्कळदा हेच.

तरवडाचा पराग हवेत का उडत नाही

गवत, मका, एरंड यांचा पराग हवेवर सोडलेला असतो. परागकोश उकलतो आणि वाऱ्याबरोबर पराग सुटतो. एरंडाचा परागकोश तर फट्कन फुटून पराग उडवतो. तरवडाची व्यवस्था उलटी आहे. त्याचे परागकोश उभे चिरत नाहीत, टोकाला फक्त बारीक छिद्र असतं, मिठाच्या डबीसारखं. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही, तसं परागकोश थरथरल्याशिवाय पराग पडत नाही.

फूल हातात घेऊन बघा. पुंकेसर दहा असतात पण सारखे नसतात. वरचे तीन खुरटलेले, बिनकामाचे. मधले आखूड. खालचे लांब, चोचीसारखे वाकलेले, तपकिरी झाक असलेले. फुलात मध नाही. येणारा कीटक फक्त परागासाठी येतो आणि त्याला तो थरथरवून काढावा लागतो. लाकडं पोखरणारा मोठा काळा भुंगा फुलाला मिठी मारून छातीचे स्नायू कंप पाववतो. तेव्हा पंखांच्या नेहमीच्या गुणगुणीपेक्षा वेगळा, ‘झ्झ्झ’ असा चढा आवाज येतो आणि भुंग्याच्या पोटावर पिवळी पूड सांडते. आपल्या मधमाशीला हे कंपन जमत नाही. ती येते, सांडलेलं वेचते आणि जाते.

पटत नसेल तर पाच मिनिटांचा प्रयोग करा. सकाळी आठ-नऊच्या सुमारास ताजं उमललेलं, कोरडं फूल आणा. खाली काळा कागद ठेवून फुलावर पंखा सोडा. कागदावर जवळपास काही पडत नाही. आता बॅटरीवर चालणारा टूथब्रश सुरू करून त्याची पाठ फुलाच्या दांड्याला, पुंकेसरांच्या बुडाशी, दोन-तीन सेकंद टेकवा. कागदावर पिवळी धूळ दिसते. हाच सगळा फरक. वारा तरवडाच्या परागाला फारसा हलवू शकत नाही, कंपन हलवतं. म्हणून वीस-तीस फुटांवरच्या कुंपणातला तरवड खिडकीतून येऊन तुम्हाला शिंका आणतो हे फार अवघड आहे.

अवघड म्हटलं, अशक्य नाही. तुम्ही स्वतः भुंग्याचं काम करत असाल तर गोष्ट वेगळी. माळ ओवणाऱ्यांसाठी वेगळा भाग खाली आहे.

मग शिंका कशाच्या? घड्याळ आणि जागा बघा

आश्विनात एकाच वेळी पाच-सहा गोष्टी जमतात, त्यातली डोळ्यांत भरणारी तेवढी तरवडाची फुलं. दहा दिवस एका वहीत चार रकाने लिहा: वेळ, जागा, त्या आधीच्या तासाभरात काय केलं, वारा होता का. नोंद तेव्हाच करा. रात्री आठवून लिहिलेलं कामाचं नसतं. मग पुढचं ताडून बघा.

सकाळी बाहेर पडल्यावर, मोटारसायकलवर, माळाच्या कडेने जाताना वाढतं आणि पावसाची सर आली की तासाभरात बरं वाटतं: हवेतले पराग. या दिवसांत डोंगरी गवतं, मारवेल, कुसळी, हरळी फुललेली असतात. त्यात काटेमाठ, आघाडा, एरंड आणि सगळ्यांत वर गाजरगवत. गाजरगवत आपल्याकडे १९५५ मध्ये पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि आता त्याच्याशिवाय उकिरडा किंवा पडीक जागा सापडणं मुश्कील. त्याचं फूल पांढरं, बारीक, कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. शेजारचा तरवड मात्र शंभर पावलांवरून दिसतो.

शेतात काम चालू असताना आणि त्याच रात्री छातीत घरघर: बाजरी-सोयाबीनच्या मळणीची धूळ. त्यात भुशाबरोबर काडावर वाढलेल्या काळ्या बुरशीचे बीजाणू असतात. मळणीयंत्राच्या तोंडाशी उभं राहणाऱ्याला साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लागतो. शिवाय वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं.

घट बसण्याच्या आधीच, ‘दसरा काढताना’ सुरू झालं: गोधड्या, पोटमाळा, ट्रंका. पावसाळ्यातल्या दमटपणात अंथरुणात धुळीतले न दिसणारे किडे, म्हणजे डस्ट माइट, भरपूर वाढलेले असतात. त्यांची विष्ठा आणि मेलेल्या किड्यांचा भुगा गोधडी झटकली की थेट नाकात जातो. ज्याला त्रास आहे त्याने झटकायचं नाही, ते काम दुसऱ्याला द्यायचं. गोधड्या-अभ्रे ५५ ते ६० अंश गरम पाण्यात धुवा. गार पाण्याने मळ जातो, किडे सगळे मरत नाहीत. जाळी काढताना केरसुणीला ओलं फडकं बांधा.

देवघरात गेल्यावर दहा मिनिटांत डोळ्यांत पाणी, घसा खवखवणं, पण खाज नाही: धूप, ऊद, कापूर आणि अखंड दिव्याची काजळी. ही ॲलर्जी नव्हे, धुराची जळजळ. ॲलर्जीच्या गोळीने ती जात नाही, खिडकी उघडल्याने जाते. वात आखूड ठेवा, काजळी दिवसातून दोनदा झाडा, धूप आरतीपुरता लावा.

देवघरातच, पण पहिले दोन-तीन दिवस काही नाही आणि पाचव्या दिवसापासून वाढत जातं, सोबत कुबट वास: घटाची माती. याकडे फार कमी लोक बघतात.

घटाची माती

परडीत किंवा पत्रावळीवर वावरातली माती, तिच्यात धान्य, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट, वर माळ. नऊ दिवस बंद खोलीत ओलावा, ऊब आणि स्टार्च. बुरशीला याहून चांगलं घर मिळणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी दाण्यांच्या मधून कापसासारखी पांढरी लव दिसते, मग तिच्या टोकांना काळे-हिरवे ठिपके येतात. हे ठिपके म्हणजे बीजाणू, आणि शिंका तिथून सुरू होतात.

हे का बिघडतं? दोन कारणं. धान्य दाट पेरलेलं असतं आणि पाणी जास्त घातलेलं असतं. मातीचा घट स्वतःच पाझरतो, त्याचं पाणी मातीला मिळतच असतं, वर आपण तांब्याने पाणी ओततो. मग खालचे दाणे रुजण्याआधीच कुजतात.

हे असं करा:

माती घट बसण्याच्या आधी दोन दिवस कडक उन्हात कागदावर पसरून सुकवा. तण, मुळं, शेणाचे गोळे काढून चाळा. थर पाच सेंटिमीटर पुरे.

धान्य निवडून फुटके दाणे बाजूला काढा, बुरशी पहिल्यांदा फुटक्या दाण्याला धरते. सहा ते आठ तास भिजवून पूर्ण निथळा. तीस सेंटिमीटर व्यासाच्या परडीला सगळं मिळून १०० ग्रॅमच्या वर धान्य नको. एकेरी थर पसरून वर बोटभरापेक्षा कमी माती.

पाणी फक्त हाताने शिंपडा. सकाळी माती बोटाने दाबून बघा, बोटाला ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. पत्रावळीखाली पाणी साचत असेल तर जाळीची परडी घ्या आणि खाली पाट किंवा विटा ठेवून हवा खेळू द्या.

माळा मातीला टेकू देऊ नका. रोज एक माळ चढते, जुनी काढत नाहीत, त्यामुळे खालची टोकं ओल्या मातीत लोळून सडतात. वर काठी किंवा दोरी बांधून माळ अशी टांगा की टोक मातीच्या चार बोटं वर राहील. तरवडाच्या पाकळ्या पातळ असतात, त्या दुसऱ्याच दिवशी कोमेजून गळतात. गळलेल्या रोज उचला.

लव दिसलीच तर फुंकर मारू नका, ओरबाडू नका. त्या भागावर पाणी शिंपडून तो चमच्याने मातीसकट काढा, कागदात गुंडाळून बाहेर टाका आणि तिथे कोरडी माती भरा.

घट उठवताना खरी धुमश्चक्री होते. कोंब उपटताना माती झाडली जाते. हे काम अंगणात, गच्चीत करा, ज्याला त्रास आहे त्याने करू नका. टोपीत, फेट्यात, कानावर खोवायचे कोंब परडीच्या कडेचे, स्वच्छ बघून घ्या, मुळं कापून धुवा. काळी पडलेली जुडी नाकापासून चार बोटांवर खोवून दिवसभर सोनं वाटत हिंडायचं आणि रात्री शिंका मोजायच्या, हे टाळता येतं.

माळ ओवणाऱ्याच्या शिंका

घरातल्या एकालाच त्रास होतो आणि माळ तोच ओवतो, तेव्हा तरवडाची चौकशी रास्त आहे. पण एकट्या तरवडाची नको. टोपलीत सोबत काय आहे ते बघा. झेंडू, शेवंती, कारळ्याची फुलं ही सगळी सूर्यफुलाच्या कुळातली, गाजरगवताची भावकी. गाजरगवताने ज्यांच्या कातडीला खाज आणि चट्टे येतात त्यांना शेवंतीही बाधू शकते. बोटांची टोकं, मनगट, पापण्या यांवर खाजरे चट्टे दिसले तर संशय आधी शेवंतीवर घ्या.

निवाडा करायचा तर एक दिवस फक्त तरवड ओवा आणि एक दिवस फक्त शेवंती, मध्ये दोन दिवस काही नाही. दमा असलेल्या माणसाने हा खेळ घरी करू नये.

तरवडच बाधतोय असं दिसलं तरी माळ सोडायची गरज नाही. पूर्ण उमललेल्या फुलाऐवजी अर्ध्या उमललेल्या कळ्या घ्या, त्यांचा परागकोश भरलेला असला तरी पाकळ्यांत झाकलेला असतो. तोडतानाच पाण्याच्या बादलीत टाका. ओल्या छिद्रातून पराग उडत नाही. उमललेली फुलं असतील तर बारीक कात्रीने पुंकेसरांचा झुपका कापून टाका, पाकळ्या देठाला धरून राहतात. सुई पाकळ्यांतून न घालता फुलाखालच्या देठातून घाला, म्हणजे फूल कमी हलतं. फुलं झटकायची नाहीत आणि नाकाजवळ धरून वास तर घ्यायचाच नाही.

तेलंगणात हेच फूल तंगेडू म्हणून २०१४ पासून राज्यफूल आहे. बतुकम्माचे नऊ दिवस तिथे बायका तंगेडूचे ढीग रचतात. त्यात दुसरं मुख्य फूल गुनुगू, म्हणजे आपलं कुर्डू. ते माठाच्या कुळातलं, आणि त्या कुळातल्या काही तणांचा पराग हवेतून त्रास देतो. नांदेड-देगलूरकडे दोन्ही फुलं एकत्र हाताळणाऱ्यांनी कुर्डूही तपासावं.

झुडूप तोडल्यावर त्रास का वाढतो

तरवडाला गुरं-शेळ्या फारसं तोंड लावत नाहीत. म्हणून चराईने उघड्या पडलेल्या माळावरही तो टिकतो आणि बांधाची माती धरून ठेवतो. तो खणून काढला की माती उकरली जाते, ऊन पोचतं, आणि पहिल्याच पावसात तिथे उगवतं गाजरगवत. म्हणजे हवेत पराग न सोडणारं झुडूप काढून हवेत पराग सोडणारं तण आपणच पेरतो.

शक्ती खर्च करायची तर गाजरगवतावर करा. फुलावर येण्याआधी, पावसाळ्यात माती ओली असताना मुळासकट उपटा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. फुलावर आल्यावर उपटणं म्हणजे पराग अंगावर झाडून घेणं. नुसतं कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं. रिकाम्या जागेवर लगेच टाकळा पेरा, तो दाट वाढून त्याला दाबतो.

खात्री हवी असेल तर काचपट्टी टांगा

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकावर भागतं, शंभर ते चारशे पट मोठं दिसलं म्हणजे झालं. तीन काचपट्ट्यांवर व्हॅसलिनचा अगदी पातळ थर द्या. एक तरवडाजवळ, एक माळाकडच्या खिडकीत, एक देवघरात, तिन्ही साधारण छातीच्या उंचीवर, पाणी उडणार नाही अशा, २४ तास. गवताचा पराग गोल, गुळगुळीत, एकच भोक असलेला. गाजरगवताचा छोटा, काटेरी, गोखरूसारखा. बुरशीचे बीजाणू लहान, पुष्कळदा साखळीत किंवा गदेसारखे, आडव्या-उभ्या भिंतींचे. तरवडाजवळच्या पट्टीवरही गवतच जास्त दिसलं तर नवल वाटून घेऊ नका.

दवाखान्यात काय विचारायचं

साधी सर्दी आणि ॲलर्जी यांतला फरक: ॲलर्जीत ताप नसतो, नाकातून पातळ पाणी येतं, नाक-डोळे-टाळू खाजतात, आणि त्रास कारण टळेपर्यंत चालतो. सर्दी सात ते दहा दिवसांत ओसरते.

टोचणी-चाचणी करायची तर ॲलर्जीच्या गोळ्या आधी काही दिवस, बहुधा आठवडाभर, बंद ठेवाव्या लागतात. डॉक्टरांना विचारून बंद करा, नाहीतर चाचणी खोटी ‘नाही’ म्हणते. आणि चाचणीत एखाद्या परागाला गांधी उठली म्हणजे त्रास त्याचाच असं होत नाही. वहीतल्या नोंदींशी ती जुळली पाहिजे. म्हणून वही बरोबर न्या.

नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा डॉक्टरांनी दिला असेल तर तो शिंक आली की मारायचा नसतो. हंगामाच्या एक-दोन आठवडे आधीपासून, म्हणजे पितृपक्ष लागताच, रोज घ्यायचा असतो. ‘फवाऱ्याने फरक नाही’ म्हणणारे बरेचजण इथे चुकतात. उलट चूक नाक मोकळं करणाऱ्या थेंबांची. ते तीन ते पाच दिवसांच्या वर वापरले की नाक थेंबांशिवाय उघडेनासं होतं, आणि तो त्रास तरवडाच्या नावावर महिनोन्‌महिने चालतो.

नाक धुण्यासाठी अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट पाऊण चमचा मीठ. कमी मीठ झालं तर झोंबतं, फार झालं तरी झोंबतं. नळाचं कच्चं पाणी वापरायचं नाही.

धाप लागणं, बोलताना दम तुटणं, रात्री खोकून उठणं, ओठ-जीभ सुजणं यातलं काही झालं तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना.

तरवड वापरताना काय चुकतं

चहा कडू आणि काळा होतो. पाकळ्यांबरोबर हिरवा निदलपुंज टाकलेला असतो किंवा फुलं उकळलेली असतात. फक्त पाकळ्या घ्या, आठ-दहा फुलांच्या, किंवा वाळलेल्या असतील तर चहाचा एक चमचा. २०० मिली गरम पाणी ओतून झाका, पाच मिनिटांनी गाळा. लोखंडी भांडं किंवा गंजलेली गाळणी वापरली तर पाणी शाईसारखं निळंकाळं होतं. टॅनिन आणि लोह एकत्र आले की हेच होणार. स्टील किंवा काच घ्या. श्रीलंकेत रणवरा आणि तामिळनाडूत आवारम्पू या नावाने हा चहा नेहमीच्या वापरात आहे.

साखर एकदम उतरते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना कोणी तरी सांगितलं म्हणून रोज काढा सुरू केला तर हे होऊ शकतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तरवडाच्या अर्काने रक्तातली साखर उतरल्याचं दिसलं आहे, पण माणसासाठी डोस ठरलेला नाही. गोळीच्या बदल्यात हा चहा नको, गोळीबरोबर घ्यायचा तर डॉक्टरांना सांगून. गरोदरपणात टाळा. पोट ढिलं झालं तर थांबवा, जुलाबासाठी देतात ती सोनामुखी याच घराण्यातली आहे.

बरणीत पाकळ्यांना वास येतो. अर्धवट वाळलेल्या भरल्या. सावलीत, एकेरी थरात, रोज उलटून वाळवा. चिमटीत चुरा झाला तरच भरा. वाळवण झोपायच्या खोलीत नको.

उटण्याची पूड करताना शिंका. इथे मात्र आळ खरा असू शकतो. सोनामुखीची पूड हाताळणाऱ्या औषध कारखान्यातल्या कामगारांना तिच्या धुळीने दमा झाल्याच्या नोंदी आहेत. तरवडाची वाळकी पूडही तशाच काळजीने हाताळा. मिक्सरचं झाकण दळून झाल्यावर दहा मिनिटांनी उघडा, मास्क लावून, बाहेर ओट्यावर. पूड तोंडाला लावताना आधी पाण्यात किंवा दह्यात कालवा, कोरडी उधळू नका.

फुलं कुठली तोडली तेही बघा. हमरस्त्याच्या कडेची धुळीने माखलेली असतात, कपाशी-सोयाबीनच्या बांधावरची फवारणीच्या तडाख्यात आलेली. रस्त्यापासून लांब, माळावरची घ्या. देवाला चालतील ती खायला चालतीलच असं नाही.

कातडी कमावण्यासाठी तरवडाची साल दक्षिणेत एकेकाळी मुख्य होती. वॅटलची परदेशी साल आल्यावर ती मागे पडली. साल काढायची तर छाटलेल्या फांद्यांची काढा. बुंध्याभोवती कडं कोरलं की झुडूप वाळलंच. कोवळी काडी दातवणाला चालते, पाला हिरवळीच्या खताला.

लावायचा असेल तर

बी पेरलं आणि उगवलंच नाही, ही तक्रार नेहमीची. बियांचं कवच टणक असतं, पाणी आत जात नाही. पाणी उकळून चुलीवरून उतरवा, मग त्यात बी टाका आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी फुगलेलं बी पेरा, न फुगलेलं खरकागदावर घासून पुन्हा भिजवा. एक सेंटिमीटरच्या खाली पेरू नका. पिशवीत माती निचऱ्याची हवी, पाणी साचलं तर रोप मुळाशी कुजतं. जूनमध्ये, पाऊस धरल्यावर, मीटरभर अंतराने लावा. पहिलं वर्ष तण काढा, नंतर पाणी मागत नाही.

बहर ओसरला की गुडघ्याखाली छाटा, पावसाळ्यात भरगच्च फुटतो. छाटणी लांबली तर पुढच्या बहराच्या फांद्या कापल्या जातात आणि आश्विनात फुलं नाहीत. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर लगेच औषध मारू नका. पिवळसर-पांढऱ्या कॅटोप्सिलिया फुलपाखरांच्या त्या असतात, झुडूप पुन्हा फुटतं. घरात कोणाला परागाचा त्रास असेल तर झोपायच्या खिडकीपासून तीनेक मीटर लांब लावा आणि गळलेली फुलं ओली असतानाच झाडून घ्या.